न कळवता बेल

उल्काताई किल्ली विसरायची. अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या डीमनमधल्या आमच्या इमारतीच्या खालच्या दाराशी उभी राहून बेल वाजवायची. मी वर इंटरकॉम उचलला की म्हणायची, "चैत्राली, मीच गं." मग जिन्यावर तिच्या पावलांचा आवाज. लिफ्ट येईपर्यंत थांबणं तिला जमायचं नाही.

तिला कशासाठीच थांबणं जमायचं नाही. दूध गॅसवर ठेवून ती बाल्कनीत सायकलच्या साखळीला तेल द्यायला जायची. दूध उतू जायचं. फोनवर बोलताना घरभर चालायची. जेवताना मध्येच उठून खिडकी उघडायची, दोन घास खाऊन बंद करायची. मी तिला म्हणायचे, "तुझ्या खुर्चीला काटे आहेत का?" ती म्हणायची, "असतील. तू बसून बघ."

मी तिच्या घरातली दुसरी खोली भाड्याने घेतली होती. पुण्यात मराठी घेऊन एम.ए. केलं होतं. वीस सालच्या सप्टेंबरात पुढच्या शिक्षणासाठी अ‍ॅमस्टरडॅमला आले आणि थोड्याच दिवसांत विद्यापीठ लॅपटॉपमध्ये गेलं. त्या वर्षी मी हा देश फारसा पाहिला नाही. उल्काताईला पाहिलं.

ती चौतीस वर्षांची होती. सांगलीची. वडील एसटीच्या डेपोत होते. ती डेल्फ्टला मास्टर्स करायला आली आणि मग इथेच नोकरीला लागली. शिकत असताना संध्याकाळी एका विद्यार्थी संघटनेच्या स्वयंपाकघरात भांडी घासायची. ती सांगायची, पलीकडे मोठा हॉल होता. लांबच लांब टेबलं. पोरं एका सुरात ओरडत, गात, जेवत. उष्टी ताटं एका खिडकीतून आत सरकवत. तिला दिसायचे ते फक्त त्यांचे हात.

"तुला जावंसं नाही वाटलं त्यांच्यात?"

"वाटलं ना. पण संध्याकाळी मी कामावर असायचे."

दुसरी गोष्ट तिने मला एकदाच सांगितली, भांडी पुसत. साथीच्या पहिल्या मार्चमध्ये ती आजारी पडली. तेव्हा दुसरी खोली रिकामी होती. ताप उतरेना म्हणून तिने हाउसआर्ट्सला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरला फोन केला. तिथल्या बाईने विचारलं, घरात कोण आहे? कुणी नाही. बरं, जवळपास कोण आहे, ज्याला तुम्ही केव्हाही बोलावू शकाल?

"मी आठवत राहिले गं," उल्काताई म्हणाली. "दहा वर्षं झाली इथे. ऑफिसातले आहेत, गणपतीतले आहेत. पण केव्हाही? इथे कॉफी प्यायची तर तीन आठवडे आधी तारीख ठरते. मी इतका वेळ आठवत राहिले की त्या बाईला वाटलं फोन कट झाला."

मी आले त्याच हिवाळ्यात तिच्या ऑफिसातल्या गुंजनने तिला चॅप्टरबद्दल सांगितलं.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत मुलींच्या संघटना असतात. त्यांना सोरोरिटी म्हणतात. एकदा आत गेलं की सगळ्या जन्मभराच्या बहिणी. अरुंधती नावाची अशी एक सोरोरिटी तिकडे शिकणाऱ्या भारतीय मुलींनी काढलेली आहे. शिक्षण संपवून कामाला लागलेल्या बायकांसाठी तिच्या वेगळ्या शाखा असतात, ग्रॅज्युएट चॅप्टर. कॉलेजात असताना जिला जमलं नाही, तिलाही तिथे जाता येतं. पदवी मात्र हवी. नेदरलँड्सच्या चॅप्टरमध्ये तेव्हा आठ जणी होत्या. आठही मराठी. ते ठरवून झालेलं नव्हतं. ओळखीतून ओळख निघत गेली होती.

"म्हणजे भिशी," मी म्हटलं.

"भिशी नाही. यांच्यात बेल असते."

"कसली बेल?"

चॅप्टरची रीत अशी होती: कुठलीही बहीण कुठल्याही बहिणीच्या दारावर न कळवता जाऊ शकते. मेसेज नाही, फोन नाही, 'येऊ का' नाही. सरळ बेल वाजवायची. आतलीने दार उघडायचं आणि का आलीस ते विचारायचं नाही.

"आणि हे तुला हवंय?"

"मला एवढंच हवंय," उल्काताई म्हणाली, आणि उठून खिडकी उघडली.

आत जाण्याची पद्धत मला विचित्र वाटली, पण आवडली. तिचं नाव 'ओळख'. नव्या बाईने आठही जणींच्या घरी एकेकदा जायचं. तिच्या टेबलाशी बसायचं, तिच्या हातचं काहीतरी खायचं आणि ती स्वतःबद्दल जे सांगेल ते ऐकायचं. लिहून घ्यायचं नाही. ऐकलेलं बाहेर कुठे बोलायचं नाही. शेवटी सगळ्यांची बैठक होते. तिथे नवीने आपली ओळख द्यायचीच नाही. तिने त्यांची द्यायची, एकेकीची, सगळ्यांसमोर. प्रत्येकीने आपली ओळख ऐकून म्हणायचं, "ही मीच." आठ वेळा 'ही मीच' आलं की ती आत. एखादी म्हणाली, "ही मी नाही," तर पुढच्या रविवारी तिची ओळख पुन्हा द्यायची. तेव्हाही जमलं नाही तर दार कायमचं बंद.

अमेरिकेतल्या मुख्य ऑफिसने साथीमुळे सगळं ऑनलाइन करायची परवानगी दिली होती. इथल्या चॅप्टरने बैठक ऑनलाइन मान्य केली. घरी जाऊन जेवणं मात्र सोडलं नाही. त्या जानेवारीत घरात दिवसाला एकच पाहुणा चालायचा, आणि रात्री नऊनंतर रस्त्यावर दिसलात तर दंड. उल्काताई दर शनिवारी-रविवारी निघायची. रिकाम्या गाड्या, तोंडाला मास्क, पिशवीत प्रत्येकीसाठी घरी केलेले बेसनाचे लाडू. संध्याकाळी धावतपळत परत. खाली बेल. "चैत्राली, मीच गं."

फेल्डहोवनला मृणालिनी राहायची. ती चॅप्टरची अध्यक्ष. चिप बनवणारी यंत्रं जिथे तयार होतात त्या मोठ्या कंपनीत ती इंजिनिअर होती. तिने उल्काताईला कॅलेंडरचं आमंत्रण पाठवलं, साडेदहा ते पावणेबारा.

"बेलवाल्या बायका ना तुम्ही?" मी म्हटलं.

"अजून मी बाहेरची आहे. बाहेरच्यांना कॅलेंडर."

ऐकलेली प्रत्येक गोष्ट ती डोक्यात धरून ठेवायची. डीमनच्या कालव्याकाठी ओठ हलवत चालत राहायची. एकदा शेजारच्या डच आजोबांनी मला गंभीरपणे विचारलं, तुमची मैत्रीण बरी आहे ना?

शेवटचं घर सरलाताईंचं, रायस्वाइकला.

फेब्रुवारीत बर्फ पडला आणि मग कडक थंडी पडली. कालवे गोठले. बऱ्याच वर्षांनी लोक त्यांवरून स्केटिंग करत होते. उल्काताई म्हणाली, "चल रायस्वाइकला. मी वर बसेन, तू बर्फ बघ." मी गेले.

सरलाताई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. मूळच्या अकोल्याच्या. त्यांचे यजमान राजनकाका पेटंटच्या कचेरीत होते, आता निवृत्त. काकांची फुप्फुसं आधीपासूनच खराब, म्हणून साथ सुरू झाल्यापासून त्या घरात कुणाला घेत नव्हत्या. पण ओळख तर द्यायची होती. त्यांनी मार्ग काढला. त्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. इथल्या जुन्या इमारतींना बाहेरून उघडा लांब व्हरांडा असतो आणि सगळ्यांची दारं आणि स्वयंपाकघराच्या खिडक्या त्यावरच उघडतात. सरलाताईंनी आपलं जेवणाचं टेबल आतून खिडकीला लावलं होतं. बाहेर व्हरांड्यात एक घडीची खुर्ची, तिच्यावर गोधडी.

"नमस्कार काकू," मी म्हटलं.

"काकू कोण? आमच्यात काकू नसते. सगळ्या ताई. तू हिची कोण?"

"भाडेकरू."

"बाप्पा! आणि भाडेकरणीला घेऊन फिरते ही? भाडं कमी कर म्हणावं."

आतून राजनकाका ओरडले, "पोरींनो, मलाही घेऊन चला बाहेर! वर्ष झालं, ही मला लोणच्यासारखी बरणीत घालून बसलीय!"

"लोणचं टिकतं तरी," सरलाताई म्हणाल्या. त्यांनी खिडकीतून मला गरम उकडपेंडीची वाटी दिली आणि खाली पाठवलं.

मी खालच्या कालव्याच्या काठावर उभी राहून पोरांना बर्फावर पडताना पाहत होते. मधूनच वर बघायचे. उल्काताईची पाठ दिसायची, गोधडीत गुंडाळलेली. ताट तिच्या मांडीवर. मी बराच वेळ पाहत होते म्हणून मला ते कळलं: ती हलत नव्हती. पाय नाही, हात नाही. इतकी स्वस्थ बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

परतीच्या गाडीत आमच्या डब्यात कुणी नव्हतं. ती खिडकीशी बसली, उठली, समोर बसली.

"काय झालं?"

"कुणाला सांगायचं नसतं."

"मग नको सांगू."

लायडन स्टेशन गेलं.

"सांगते," ती म्हणाली. "तू चॅप्टरमध्ये नाहीस, आणि हे एकटीने डोक्यात ठेवलं तर मी चालत्या गाडीतून उतरेन."

सरलाताईंनीच नेदरलँड्सचं चॅप्टर सुरू केलं होतं, बारा वर्षांपूर्वी. अमेरिकेतली त्यांची भाची अरुंधतीत होती. तिने सुचवलं. चॅप्टर उघडायला पाच पदवीधर बायका लागतात. चार मिळाल्या. पाचवी मिळेना. भाचीने फोनवर विचारलं, मावशी, तू बी.ए. ना? त्या हो म्हणाल्या. कुणी कागद मागितला नाही.

त्या बी.ए. नव्हत्या. शेवटच्या वर्षाला होत्या. परीक्षेच्या आधी लग्न ठरलं, राजनकाकांना इकडची नोकरी लागली. पुढच्या वर्षी येऊन परीक्षा देऊ, असं ठरलं होतं. ते राहिलं.

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच कसं? चॅप्टर पदवीधरांचं आहे. हे मी बैठकीत सांगितलं तर त्या बाहेर जातात. त्यांनी उघडलेल्या घरातून."

"मग नको सांगू."

"मग ओळख अपुरी."

"अपुरी आहे हे कळणार कुणाला?"

"त्यांना."

"त्यांना बरंच वाटेल की."

उल्काताई उठली आणि डब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहिली. डीमन येईपर्यंत ती चालत होती.

बैठक रविवारी दुपारी होती. बाहेरच्यांनी ऐकायचं नसतं, म्हणून मी मास्क घेऊन निघाले. बाहेर पाऊस आणि वारा. उल्काताई म्हणाली, "कुठे जातेस? तू घरातली आहेस. बाहेरची कशी?" मी स्वयंपाकघरात बसले. दार तिने लोटलं, लावलं नाही.

ती छान बोलली. इतकं छान बोलेल असं मला वाटलं नव्हतं. गुंजनला सायकल चालवता येत नाही आणि ऑफिसात ती रोज सायकलची किल्ली टेबलावर ठेवते, हे तिने सांगितलं तेव्हा सगळ्या हसल्या. गुंजन म्हणाली, "हलकट! ही मीच." मृणालिनीचं सांगितलं: तिचा मुलगा घरात डचमध्ये विनोद करतो, नवरा हसतो, ती पण हसते, आणि मग बाथरूममध्ये जाऊन त्या शब्दाचा अर्थ शोधते. मग मृणालिनीचा आवाज, नेहमीपेक्षा हळू. "ही मीच."

सात झाल्या. मग सरलाताई.

उल्काताईने अकोला सांगितलं. राजनकाका, रायस्वाइकमधलं पहिलं घर, शनिवारी पोरांना मराठी शिकवायला घेतलेला चर्चचा हॉल, बारा वर्षांपूर्वी सुरू केलेलं चॅप्टर, खिडकीला लावलेलं टेबल. सगळं खरं होतं. सगळं प्रेमाने सांगितलेलं होतं. परीक्षेचं नव्हतं.

ती थांबली.

सरलाताई म्हणाल्या, "ही मी नाही."

कुणाला काही कळेना. "अहो ताई, काय चुकलं?" गुंजन म्हणाली. "इतकं सुंदर बोलली ती."

"सुंदर बोलली. पण मी नाही ती."

मृणालिनीने नियम वाचून दाखवला. पुढचा रविवार. एकच संधी. मग एकेक चेहरा बंद होत गेला असेल. मी आत गेले तेव्हा उल्काताई काळ्या पडद्याकडे बघत बसली होती.

मला राग आला होता. "वाचवलंस तू त्यांना. आणि त्यांनी—"

"मी कुणाला वाचवलं?" ती म्हणाली. "मी मला वाचवलं. सांगणं अवघड होतं, म्हणून नाही सांगितलं."

त्या आठवड्यात ती झोपली की नाही मला माहीत नाही. सकाळी मी उठायचे तेव्हा ती पहाटेच चालून आलेली असायची, बूट ओले. तिने सरलाताईंना फोन लावला. मी भाजी चिरत होते, स्पीकर चालू होता.

"ताई, तुम्हाला काय हवंय?"

"मला विचारू नको. तुला मी सगळं सांगितलेलं आहे."

"ते बोलले तर तुम्ही राहत नाही आत."

"मला नियम शिकवते का तू? ते नियम मी मराठीत आणलेत."

"मग तुम्हीच सांगा ना सगळ्यांना!"

पलीकडून राजनकाकांचा खोकला ऐकू आला.

"बारा वर्षं प्रयत्न करतेय," सरलाताई म्हणाल्या. "तोंड उघडते आणि लोणच्याची पाककृती सांगते. ठेवू का? यांच्या औषधाची वेळ झाली."

उल्काताई फोन हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "बोलले नाही तर मी बाहेर. बोलले तर त्या बाहेर. असली कसली बेल आहे ही?"

"सोडून दे," मी म्हटलं. "इतकं काय त्यात? मी आहे ना इथे."

"तू जूनमध्ये जाणार आहेस," ती म्हणाली. रागाने नाही. जसं आहे तसं.

माझं घर पुण्यात होतं, तिकीट काढलेलं होतं.

पुढच्या रविवारी ती उभी राहूनच बोलली. लॅपटॉप पुस्तकांच्या ढिगावर ठेवला होता. या वेळी सुंदर नव्हतं. वाक्यं छोटी, कोरडी, एकामागून एक.

"या सरलाताई. अकोल्याच्या. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होत्या. परीक्षेला बसल्या नाहीत. त्या पदवीधर नाहीत. हे चॅप्टर उघडायला पाच पदवीधर हव्या होत्या. चार होत्या. भाचीने विचारलं, त्या हो म्हणाल्या. तेव्हापासून त्या गप्प आहेत. येणाऱ्या प्रत्येक नव्या बाईला त्या सभासदत्वाचा नियम वाचून दाखवतात. हे त्यांनी मला जेवताना सांगितलं."

"उल्का, थांब," मृणालिनी म्हणाली. "थांब जरा. हे काय बोलतेयस तू?"

"झालं माझं."

मला वाटलं इंटरनेट गेलं. मग गुंजनचा आवाज आला, अगदी बारीक. "मला पण सांगितलं होतं ताईंनी. माझ्या वेळी. मी ते गाळलं."

"आणि त्या 'ही मीच' म्हणाल्या होत्या तुला," मृणालिनी म्हणाली.

"हो."

"मग ताई, आताच का?"

सरलाताई म्हणाल्या, "उल्का."

"हो, ताई."

"ही मीच."

आठव्या 'ही मीच'नंतर लगेच सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या असतात. तशी रीत होती. कुणी वाजवल्या नाहीत.

"आता मी काय करू?" मृणालिनीचा आवाज फाटला होता. "नियमाने मला... तुम्ही सांगा ना, मी काय करू?"

"मी सांगते," सरलाताई म्हणाल्या. शनिवारच्या वर्गात पोरांना सांगत असतील तशा. "आधी हिला आत घे. मग मला बाहेर काढ. क्रम चुकवू नको. आधी मला काढलंस तर माझं 'ही मीच' वाया जाईल आणि ही पोरगी लटकत राहील. लिही. झालं?"

"झालं," मृणालिनी म्हणाली.

"उल्का, अभिनंदन. बाकीच्यांनी तोंडं पाडू नका. आणि मला कुणीतरी हे कसं बंद करायचं ते सांगा, मला ते लाल बटण कधी सापडत नाही."

कुणीतरी सांगितलं. खालच्या कोपऱ्यात. त्या गेल्या.

अशी उल्काताई आत गेली.

मार्च गेला. एप्रिल गेला. तिच्याकडे आता सात दारं होती. हिलवर्समपासून फेल्डहोवनपर्यंत, केव्हाही, न कळवता. तिने एकही वाजवलं नाही. चॅप्टरच्या ग्रुपवर सगळ्या तिच्याशी नीट बोलायच्या. फार नीट. एकीने खासगीत लिहिलं, तू थोडं सांभाळून घेतलं असतंस तर. मृणालिनीने लिहिलं, नियमाने तू बरोबर आहेस. उल्काताई तो मेसेज पुन्हा पुन्हा उघडायची. "नियमाने," म्हणायची आणि फोन उपडा ठेवायची.

एका शनिवारी ती सकाळी निघाली. संध्याकाळी परत आली, चेहरा वाऱ्याने लाल. आइंडहोवनपर्यंत गाडीने, पुढे बसने, मृणालिनीच्या दारापर्यंत गेली होती. बेलच्या बटणावर बोट ठेवलं होतं. आत मुलगा काहीतरी बोलत होता, सगळे हसत होते.

"मग?"

"मग परत आले."

"रायस्वाइकला जा."

"तिथे कुठल्या तोंडाने जाऊ? आणि तिथला हक्क मीच घालवला. त्या आता बहीण नाहीत."

ती पूर्वीपेक्षा जास्त चालायला लागली. रात्रीची संचारबंदी उठल्यावर जेवण झालं की निघायची. किल्ली विसरायची. मी दार उघडायचे. मी गेल्यावर काय करेल, असं माझ्या मनात यायचं. मी विचारलं नाही.

जूनमध्ये माझ्या खोक्यांना चिकटपट्टी लावत होते. दुपार होती. उल्काताई नेहमीसारखी कालव्याकडे गेलेली. बेल वाजली.

"किल्ली विसरलीस?" मी इंटरकॉमवर म्हटलं.

"माझ्याकडे तुमची किल्ली कुठून असणार?" खालून आवाज आला. "दार उघड, डबा जड आहे."

सरलाताई लिफ्टने वर आल्या. मास्क हनुवटीवर, हातात डबा, खांद्याला पर्स. त्यांना मी खिडकीच्या चौकटीबाहेर कधी पाहिलं नव्हतं. त्या माझ्या खांद्याइतक्याच होत्या.

"ताई, तुम्ही?"

"ताई नको आता. काकू म्हण. आता चालतं." त्यांनी बूट काढले आणि रांगेत लावले. "दोन्ही लशी झाल्या आमच्या. आज यांना शेजारणीच्या हवाली केलं. म्हटलं, वर्षभर बरणीत होते, जरा ऊन खाऊन येते. उल्का कुठे?"

"फिरायला गेलीय. फोन करू?"

"नको. मी कळवून आले का? मग तू कशाला कळवतेस?"

त्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या. मी चहा ठेवला. त्यांनी घर पाहिलं, खोकी पाहिली, बाल्कनीतला तेलाचा डबा पाहिला. मी धीर करून विचारलं. "काकू, गुंजनच्या वेळी चाललं. मग उल्काताईच्या वेळी का नाही?"

त्यांनी डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

"जानेवारीत माझी एक मैत्रीण गेली. डेन हाखची, म्हणजे हेगची. अंत्यविधीला आत मोजकेच लोक, बाकी आम्ही सगळे घरी, लॅपटॉपवर. कुणीतरी तिचं आयुष्य वाचून दाखवलं. शांत स्वभाव, सुगरण, देवभोळी. अगं, ती शिव्या द्यायची. अशा शिव्या द्यायची! आणि स्वयंपाकाचा तिला तिटकारा होता. मी इकडे ओरडतेय, ही ती नाही, ही ती नाही. मला म्यूट करून ठेवलेलं." त्या जराशा हसल्या. "घरी आमचे हे रात्रंदिवस खोकतायत. मी म्हटलं, उद्या माझंही असंच वाचतील. पदवीधर, संस्थापक. मी ओरडायलाही नसेन. गुंजनच्या वेळी वाटलं होतं, वेळ आहे. या वर्षी तसं वाटेना."

"पण तिचं काय झालं ते तुम्ही बघितलं नाही. ती कुणाकडेच जात नाही आता."

"म्हणून तर आले."

चहा उकळला. मी गाळत होते तेवढ्यात बेल वाजली.

मी पातेलं ठेवून वळले. सरलाकाकू आधीच उठल्या होत्या. "थांब, मी बघते," म्हणाल्या आणि भिंतीवरचा इंटरकॉम उचलून कानाला लावला.

"कोण आहे?"

रस्त्यावरून ट्राम गेली, ती इंटरकॉममधूनही ऐकू आली आणि खिडकीतूनही. काकू वाट पाहत राहिल्या. त्यांना वाट पाहणं जमत होतं.

"मीच," उल्काताई म्हणाली.

"मग ये की वर," म्हणत काकूंनी बटण दाबलं, आणि दार उघडून जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या.